आवाज आला

४ मार्च, दुपार

ताईंना नमस्कार,

बाळू ठणठणीत आहे. संस्थेचं पाकीट बघून तुमच्या काळजात धस्स झालं असणार, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहिलं. मी घर नंबर दोनमधली मावशी. वयाने मी तुमच्याहून मोठी, पण बाळू तुम्हाला ताई म्हणतो म्हणून माझ्याही तोंडात तेच बसलंय. फोनच करणार होते, पण तुमचा नंबर बदलला असं ऑफिसात कळलं. शिवाय बोलायला लागले की माझी गाडी कुठल्या कुठे जाते. कागदावर निदान खोडता तरी येतं.

बाळूला परवा बेचाळिसावं लागलं. कानशिलं पांढरी झाली, पोट सुटलंय. चष्मा लागलाय, पण डोळ्यांवर घालेल तर शपथ. शर्टाच्या खिशात ठेवतो. खिशात चष्मा असला की माणूस साहेब दिसतो, असं त्याचं म्हणणं. कार्यशाळेत खोक्यांच्या घड्या घालतो आणि त्याच्याइतकी सरळ घडी मलाही जमत नाही. एक सवय मात्र लागलीय. हसू आलं की तोंडावर हात घट्ट दाबून धरतो, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दातांचं काही असेल म्हणून डॉक्टरांना दाखवलं, पण दातांत काही निघालं नाही. असो.

माझं म्हणाल तर गुडघे गेले. नोव्हेंबरात निवृत्त होतेय. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची नखं कापली, पाठी चोळल्या, चादरी बदलल्या. आता सकाळी उठून फक्त माझीच अंघोळ करायची म्हटलं की कसंतरी होतं. पण थकलेय हेही खरं. परवा जिना चढताना मधेच बसले, तर बाळू वरून म्हणतो, "मावशी, बॅटरी संपली का?" म्हटलं, हो रे बाबा, संपली.

आता मुद्द्याचं. दीड वर्षापूर्वी आमच्याकडे नवीन समुपदेशक बाई आल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गोलात बसवलं, हातात एकेक बिस्किट दिलं आणि फिरत फिरत प्रत्येकाला विचारलं, "तुझं बिस्किट मी घेऊ?" ताई, सत्तावीसच्या सत्तावीस जणांनी बिस्किटं देऊन टाकली. एकाने तर रडत रडत दिलं. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मावशी, यांना 'नाही' म्हणायला कुणी शिकवलंच नाही?" मी म्हटलं, बाई, हे 'नाही' म्हणायला लागले तर अंघोळी दुपारपर्यंत उरकायच्या नाहीत. सगळे हसले. मीही हसले, पण ते हसू काही धड नव्हतं.

तर त्यांनी 'नाही' शिकवलं. मग दार वाजवायला शिकवलं, यांना नव्हे, आम्हाला. मग मोठी चित्रं आणली, पुरुषाचं शरीर, बाईचं शरीर. कुठे कुणी हात लावलेला चालतो, कुठे विचारल्याशिवाय चालत नाही, दोन मोठ्या माणसांना जवळ यावंसं वाटलं तर काय करायचं, काळजी कशी घ्यायची, सगळं नावं घेऊन. मी लाजेने पंख्याकडे बघत बसले. बाळूने मात्र चष्मा काढून डोळ्यांवर घातला. वर्षातून पहिल्यांदा!

आणि आता असं आहे की बाळूला आणि 'मॅडम'ला एकत्र राहायचंय. मॅडम तुम्हाला आठवत असेल. एकोणचाळीस वर्षांची, जाड वेणी, कार्यशाळेत सगळ्यांचे खोके तपासते म्हणून तिला मॅडम म्हणतात. सहा वर्षांपूर्वीच्या त्या प्रकरणातली तीच. पण आता त्या दोघांनी स्वतः तोंडाने मागणी केली आहे. वऱ्हांड्याच्या टोकाची चादरींची खोली रिकामी केलीय, तिला आतून कडी बसवलीय. बावीस तारखेला समितीची बैठक आहे. आई गेल्यापासून पालक म्हणून बाळूच्या कागदावर तुमचं नाव, त्यामुळे तुमच्या सहीशिवाय काही होणार नाही. कागद सोबत जोडलाय. तेवढी सही करून पाठवा. पत्र आधीच लांबलं, चहाची घंटा झाली.

आपली,
मावशी, घर नंबर दोन


१३ मार्च

ताईंना नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. चारच ओळी, पण मी त्या दहादा वाचल्या. तुम्ही लिहिलंत, "त्याने जे केलं ते माहीत असून त्याला एका खोलीत बाईबरोबर ठेवायचं तुम्ही मला विचारताच कसं? माझ्या घरात दोन मुली आहेत. म्हणून तर सहा वर्षं मी त्याला सुट्टीत आणलं नाही. माझा भाऊ आहे, मला काय हौस आहे?" कागद कोराच परत आला.

राग आला नाही मला. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. तुमच्या हातात जो कागद गेला, त्यावरून दुसरं काय करणार माणूस!

पण तुम्ही त्याला आता बघायला हवं होतं. तेव्हा मॅडमला मैदानापलीकडे घर नंबर चारमध्ये हलवलं होतं, ठाऊक आहे तुम्हाला. कार्यशाळेतही दोघांची टेबलं दोन टोकांना. त्यांच्यात हातभर अंतर हवं असा नियम, आणि ते अंतर राखायचं काम माझं. मी राखलं. इमानेइतबारे राखलं. बाळू घड्या घालायचा, खोके तिच्या टेबलावर जायचे, ती तपासायची आणि एखादा वाकडा निघाला की ओरडायची, "बाळू, परत!" मग हा उठून जायचा, खोका घ्यायचा, नव्याने घडी घालायचा. दिवसातून आठदहा वेळा. मी त्याला रागवायचे, की अरे लक्ष कुठे असतं तुझं? तीन वर्षं रागावत होते, ताई. एक दिवस सहज एक परत आलेला खोका हातात घेऊन बघितला. पट्टी लावून बघावी इतका सरळ. दुसरा बघितला, तोही तसाच. मी मॅडमकडे बघितलं तर ती छताकडे बघायला लागली.

मी त्या दिवसापासून कानाडोळा करायला लागले. तेवढंच जमलं मला.

बळजबरीची भीती तुमच्या मनात आहे, म्हणून सांगते. समुपदेशक बाईंनी दोघांना वेगवेगळं बसवून, सहा आठवडे, चित्रांच्या पत्त्यांवर विचारलं. हे हवं? हे नको? आणि तुला नको असताना त्याने केलं तर? मॅडम म्हणाली, "मी 'नाही' म्हणीन. मग त्याने थांबायचं." थांबला नाही तर? "मग मी मावशीला हाक मारीन. मावशी दार वाजवून आत येईल." हे 'दार वाजवून' तिने दोनदा म्हटलं. आणि 'नाही' म्हणण्यात ती आता इतकी तरबेज झालीय की आमच्या नाकी नऊ आलेत. अंघोळीला नाही, केस विंचरायला नाही. मागच्या सोमवारी बाळूने तिचा हात धरला, तर "आत्ता नाही, मी काम करतेय." त्याने लगेच सोडला आणि आपल्या टेबलावर जाऊन बसला. फुरंगटला नाही की काही नाही.

बाळूला विचारलं, तुला तिच्याबरोबर का राहायचंय? म्हणाला, "ती झोपली की बघायचंय." एवढंच.

तिच्या वडिलांनी सही केली. ऐंशीच्या घरातले, काठी टेकत आले, लेकीशी बागेत अर्धा तास बोलले आणि सरळ ऑफिसात जाऊन सही केली. जाताना माझ्यासमोर थांबले, मग फाटकाकडे वळले. त्यांना काय वाटलं असेल याचा विचार मी करत नाही.

आता अडलंय ते बाळूच्या फाइलमधल्या लाल नोंदीवर आणि तुमच्या सहीवर. ती नोंद माझ्या हातची, हे तुम्ही वाचलंच असेल, खाली सही आहे. फॉर्मवर सगळंच मावत नाही, ताई. एवढंच म्हणते. कागद पुन्हा जोडलाय. परत एकदा विचार करा.

आपली,
मावशी


१८ मार्च, सकाळ

ताई,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. मागच्या दोन्ही पत्रांत मी इकडचं तिकडचं लिहिलं, गुडघे लिहिले, खोके लिहिले. लिहायचं ते लिहिलं नाही. आता लिहिते.

तुमच्या भावाने बळजबरी केली नव्हती.

मी त्या दिवशी धुतलेल्या चादरींचा ढीग घेऊन बाळूच्या खोलीत शिरले. दार वाजवलं नाही. तशी पद्धतच नव्हती तेव्हा, दारांना कड्याही नव्हत्या. दोन्ही हात भरलेले, खांद्याने दार ढकललं. दोघं पलंगावर होती, एका पांघरुणात. मॅडमची वेणी सुटलेली. आणि दोघं हसत होती. कशाला ते मला माहीत नाही, पण अशी हसत होती की श्वास लागला होता. सव्वीस वर्षांत या इमारतीत तसं हसणं मी दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही. मॅडमने मला बघितलं आणि घाबरली वगैरे काही नाही, सरळ म्हणाली, "मावशी, नंतर ये."

माझी कुठली बुद्धी! मी तेव्हाच मागे फिरले असते, दार ओढून घेतलं असतं, तर आज ही पत्रं लिहावी लागली नसती. पण हसण्याचा आवाज वऱ्हांड्यात गेला होता. तेव्हाच्या मुख्य बाई जिन्यावरून ओरडल्या, "कसला आवाज आहे?"

आमचा नियम असा होता, की बंद खोलीत दोघं सापडली तर तासाभरात लाल शाईने घटनेचा फॉर्म भरायचा. नाही भरला तर चूक कामावरच्या बाईची, तिला मेमो. माझ्या नावावर आधीच एक मेमो होता. दुसरा आला की घरी. माझे यजमान त्या वर्षी अंथरुणाला खिळलेले. हे मी सबब म्हणून सांगत नाही. नाही, सबबच आहे. असू दे.

फॉर्मवर पाच चौकटी होत्या. पडणे, भांडण, पळून जाणे, चोरी, बळजबरी. मी पेन हातात घेऊन बसले. पडलं कुणी नव्हतं. भांडण नाही, पळणं नाही, चोरी नाही. दोन माणसं खुशीत होती याला चौकटच नव्हती. फॉर्म कोरा देता येत नाही, ऑफिस परत पाठवतं. मी शेवटच्या चौकटीत खूण केली. त्याखाली 'कोणी' आणि 'कोणावर' अशा दोन रिकाम्या जागा होत्या, त्याही भराव्या लागतात. पुरुष तो, म्हणून वर त्याचं नाव घातलं. दुसरं काही कारण नाही. मग रकाना, 'काय ऐकले'. मी लिहिलं, "आवाज आला."

कसला ते लिहिलं नाही. हसण्याचा, एवढा एक शब्द. जागा होती, ताई. रकान्यात अर्धी ओळ मोकळी होती.

मला वाटलं, फाइलला लागेल आणि विसरतील. पण दुसऱ्या दिवशी मॅडमचं सामान नंबर चारला गेलं. तिला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. तिच्या वडिलांनी बागेत विचारलं ते या सहा वर्षांत पहिलंच. तिने त्यांना सांगितलं, "मीच बाळूला बोलावलं होतं." बाळूला मात्र विचारलं. ऑफिसात चार जणांनी उभं करून विचारलं, काय केलंस तू? मी हातात चादरी घेऊन दाराशी उभी होते. तो म्हणाला, "आवाज केला. चुकलो." साहेबांनी लिहून घेतलं की कबूल केलं. तुम्हाला फोनवर तेच सांगितलं गेलं, त्याने स्वतः कबूल केलंय म्हणून. तो आवाजाचं बोलत होता. हसलो, चुकलो. मला तिथल्या तिथे कळलं होतं. मी चादरींच्या घड्या घालत राहिले.

तो तोंडावर हात दाबून का हसतो, हे मी पहिल्या पत्रात तुम्हाला कोडं घातल्यासारखं लिहिलं. दातांत काही नाही हे मला डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक होतं.

लाल नोंद ज्याने लिहिली त्यानेच लेखी दिलं तर खोडता येते. समुपदेशक बाईंनी हे मला वर्षभरापूर्वी सहज बोलता बोलता सांगितलं होतं. त्यांना संशय होता की काय देव जाणे. मी वर्षभर ऐकलं नाही असं केलं. काल लिहून दिलं. मोठ्या साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, "मावशी, आठ महिने राहिलेत तुमचे. आत्ताच कशाला?" मी म्हटलं, साहेब, सहा वर्षांपूर्वी सात वर्षं राहिली होती, तेव्हाही हेच वाटलं होतं. चौकशी लावतील, की तसंच जाऊ देतील, माहीत नाही. आधी त्या भीतीने रात्र रात्र डोळा लागत नसे. काल मात्र मेल्यासारखी झोपले.

आणखी एक सांगायचं राहिलं, तेच सगळ्यात कठीण आहे.

बाळू अजून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाजवळच्या बाकावर बसतो. नऊपासून जेवणाच्या घंटेपर्यंत. तुम्ही पूर्वी यायचात त्या वेळेला. सुरुवातीला मी सांगायचे, आज नाही यायच्या रे, चल आत. मग सांगणं सोडून दिलं. मला वाटायचं सवय आहे, बसतो बिचारा. या महिन्यात, दोन तारखेला, माझ्या गुडघ्याने जीव खाल्ला म्हणून मी त्याच्या शेजारी टेकले. एक नवीन आलेली मुलगी तिथे रडत होती, जोरजोरात, तिची आई नुकतीच गेली होती फाटकातून. बाळूने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आवाज नाही करायचा. मी आवाज केला म्हणून माझी ताई येत नाही. आता मी करत नाही. आता येईल."

दोन दिवसांनी मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं. आणि त्यात चष्म्याचं लिहिलं.

काल संध्याकाळी त्या दोघांना खोली दाखवायला नेलं. समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, ठरायच्या आधी आशा लावू नका, पण माझ्याच्याने राहवलं नाही. मॅडमने कडी लावून बघितली, काढून बघितली, पाचसहा वेळा. मग मला बाहेर काढलं आणि दार लावलं. मी बाहेरून वाजवलं. आतून ती म्हणाली, "थांबा!" मी थांबले. परत वाजवलं. "थांबा!" तिला भारी मजा वाटत होती. मग दार उघडून बाळू बाहेर आला, माझ्या कानाशी येऊन हळूच विचारतो, "मावशी, या खोलीत आवाज चालेल?"

मी म्हटलं, चालेल रे राजा. मोठ्याने चालेल. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग जिन्याकडे बघितलं, कुणी येतंय का. त्याचा विश्वास बसला नाही, ताई. माझ्यावर कशाला बसेल.

सहीचा कागद तिसऱ्यांदा जोडते. करा असं सांगायचा अधिकार मला उरलेला नाही. तुम्ही विचार करून ठरवा, त्याला विचारून ठरवा, तो आता नीट उत्तरं देतो. माफी मागत नाही, कारण तुमच्या मुलींना सहा वर्षं मामा नव्हता तो माझ्यामुळे, आणि ते काही माझ्या माफीने भरून येणार नाही. माझ्यावर तक्रार करायची असेल तर बावीस तारखेला समितीसमोर करा, मी तिथेच असेन, आणि जे विचाराल ते सांगेन.

पण त्याला भेटायला या. बावीसला या, नाहीतर पहिल्या रविवारी, नऊच्या सुमाराला. तो बाकावर असेल. जवळ जाऊन हळू बोलू नका. फाटकातूनच हाक मारा, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी. त्याला हात तोंडावर न्यायला वेळच मिळता कामा नये.

त्या फॉर्मखाली जिची सही आहे, ती
मावशी